आडुतुरैच्या बाईंचा प्रश्न

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणारी आगगाडी कावेरीच्या खोऱ्यातील भातखाचरांमधून धावते. वाटेत आडुतुरै नावाचे एक लहानसे स्थानक लागते. शेतकऱ्यांना हे नाव तेथील भातसंशोधन केंद्रामुळे ठाऊक आहे. ज्या वाणांच्या नावाआधी 'एडीटी' ही अक्षरे येतात, ते भात याच गावचे. मराठी माणसाला मात्र हा मुलूख निराळ्या कारणाने जवळचा वाटतो. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास आपले राज्य स्थापिले, आणि त्यांच्यामागून गेलेल्या अनेक घराण्यांत अद्यापही एक जुनी, गोड, तमिळ वळणाची मराठी बोलली जाते. अशाच एका घराण्यातील निवृत्त शिक्षिकेकडे एका सायंकाळी बसण्याचा योग मला आला. बोलता बोलता त्यांनी जी हकीकत सांगितली, ती आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. कारण तिच्या शेवटी त्यांनी मला एक प्रश्न केला, आणि त्याचे उत्तर मला त्या वेळी नीटसे देता आले नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतील एक मुलगी शाळा सुटल्यावर फळा पुसण्याच्या निमित्ताने मागे राहिली. फळा अर्धा पुसून झाल्यावर, पाठ बाईंकडे ठेवूनच, तिने घरी येणाऱ्या एका नातलगाविषयी काही सांगितले. दोनतीनच वाक्ये, पण अर्थ स्पष्ट होता. बाई घाबरल्या. त्या म्हणाल्या, "असं बोलू नये. कुणाला सांगू नकोस, तुझंच नाव खराब होईल." मुलीने मान हलविली, उरलेला फळा पुसला आणि ती घरी गेली. पोंगलच्या सुटीनंतर ती शाळेत आली नाही.

"मी तिच्या भल्यासाठीच म्हटलं हो," बाई मला सांगत होत्या. आणि मग त्यांनी विचारले, "तुम्ही ख्रिस्ती माणसं पापाविषयी पुष्कळ बोलता. मला एवढं सांगा, त्या घरात पाप कुणाचं झालं? आणि त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं?"

पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते आणि वागणूक मात्र नेमकी उलट असते. आपल्या भाषेकडेच पाहा. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की आपण म्हणतो, तिची अब्रू गेली. चोरी झाली तर ज्याने चोरी केली त्याची अब्रू जाते, ज्याच्या घरी चोरी झाली त्याची जात नाही. लबाडी, लाचलुचपत, खून या सर्वांत कलंक करणाऱ्याला लागतो. या एकाच गुन्ह्यात तो सोसणाऱ्याच्या कपाळी येतो. 'ती बाटली', 'तिचे पाऊल वाकडे पडले', 'तिला तोंड दाखवावयास जागा उरली नाही' — ही सारी वाक्ये तिच्याविषयी आहेत. तोंड लपविण्याची पाळी ज्याच्यावर यावी, त्याच्याविषयी मराठीत असा एकही रूढ वाक्प्रचार मला आठवत नाही. आडुतुरैच्या बाईंनी 'तुझंच नाव खराब होईल' असे म्हटले, ते काही दुष्टपणाने नव्हे. त्यांनी जी भाषा ऐकली होती, तीच त्यांच्या तोंडून बोलली.

लैंगिक शोषण म्हणजे वासनेचा अतिरेक, असा एक समज आहे आणि तो फसवा आहे. वासना कोणत्या माणसात नाही? शोषण तेथे घडते, जेथे एकाच्या हाती सत्ता असते आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय नसते. ही सत्ता वयाची असेल, नात्याची असेल, पगाराची, परीक्षेतील गुणांची, भाकरीची किंवा धर्मपदाची असेल. म्हणून अत्याचारी हा बहुधा अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी गुंड नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल कित्येक वर्षे हेच दाखवीत आहेत की, नोंदल्या गेलेल्या बलात्कारांच्या दहांपैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुलाला तर ही गोष्ट सांगावयास शब्ददेखील मिळत नाहीत.

पवित्र शास्त्र या विषयावर गप्प आहे, असे अनेकांना वाटते. आमच्या मंडळ्यांतूनही ते अध्याय सहसा वाचले जात नाहीत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढून पाहावा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, डोळा ठेवतो. योनादाब नावाचा त्याचा चतुर आप्त युक्ती सुचवितो. अम्नोन आजाऱ्याचे सोंग घेतो आणि बहिणीने आपल्या हाताने पोळ्या करून भरवाव्या असे बापाकडे मागणे करतो. बाप तिला पाठवितो. ती स्पष्ट शब्दांत नकार देते, त्याला समजाविते, आपली लाज आणि त्याची लाज दोन्ही पुढे करते. तो ऐकत नाही. त्यानंतर तो तिला चाकराकरवी बाहेर काढून दाराला अडसर लावतो. ती डोक्यावर राख घालून रडत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो की, गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. राजा दावीद रागावतो. पण करीत काही नाही.

या कथेत शोषणाचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र आहे. आधी योजना, मग आजारपणाच्या निमित्ताने मिळविलेला विश्वास, मग घरच्याच मोठ्या माणसाच्या हातून मुलीला तेथवर पाठविणे, मग एकांत. त्यानंतर तिरस्कार, दाराचा अडसर, भावाचा 'गप्प राहा' हा उपदेश आणि बापाचा निष्फळ संताप. लक्षात घ्या की, शास्त्रलेखकाने तामारेच्या माथी कोठेही दोष ठेविलेला नाही. तिने दार का लोटले नाही, ती एकटी का गेली, असे एकही वाक्य तो लिहीत नाही. तिचे बोलणे मात्र तो सविस्तर देतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातील एका मुलीचा नकार जशाच्या तसा जतन झाला आहे. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तरीही ख्रिस्ती विचार या बाबतीत नेहमी सरळ वाटेने गेला, असे म्हणता येणार नाही. इसवी सन ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ भगिनींवरदेखील, अत्याचार झाले. ज्यांनी लाजेने प्राण दिला नाही, त्यांना लोक टोचू लागले. तेव्हा संत ऑगस्टीनने आपल्या 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ठामपणे लिहिले की, शील ही मनाची वस्तू आहे, दुसऱ्याच्या बळजोरीने ती नष्ट होत नाही, आणि जिने काही केलेच नाही तिने स्वतःला शिक्षा करण्याचे कारण नाही. रोमन लोक ल्युक्रेशियाच्या आत्महत्येचे पोवाडे गात, त्या काळात हे लिहिणे धाडसाचे होते. परंतु पुढे त्याच ग्रंथात, या स्त्रियांना आपल्या शीलाचा गुप्त अभिमान झाला असेल म्हणून देवाने असे होऊ दिले काय, अशीही शंका तो काढतो. केवढ्या मोठ्या माणसालादेखील अखेरीस तिच्यातच काहीतरी शोधावेसे वाटले! ही सवय किती खोल आहे, ते यावरून कळावे.

आता आपल्याकडे येऊ. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटिज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे होत्या. लहानपणी आईबापांबरोबर दक्षिणेतील तीर्थे पायी हिंडलेली, १८७४ च्या सुमारास त्या दोघांनाही भुकेने गमावलेली, पुढे विधवा झालेली ही संस्कृतज्ञ स्त्री. भगिनींनी तिला लंडनजवळील फुलहॅम येथे, ज्यांना त्या काळी 'पतित' म्हणत अशा स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांशी इतक्या मायेने कोणी वागू शकते, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, शमरोनी स्त्रीची कथा, त्यांना वाचून दाखविला. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो तिला उपदेशाने आरंभ करीत नाही. तिच्याकडून काही मागून आरंभ करतो. जिच्या हातचे कोणी घेत नाही, तिच्याशी तो सलग संवाद करतो, आणि त्याही काळात शास्त्राच्या गहन विषयावर. रमाबाईंच्या मनावर या प्रसंगाचा जो ठसा उमटला, तो त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेविला आहे.

येथे एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना सोयीस्करपणे विसरता येणार नाही. फुलहॅमच्या त्या स्त्रिया ख्रिस्ती देशात, बहुधा ख्रिस्ती पुरुषांकडूनच नाडल्या गेल्या होत्या. इंग्लंडात १८८५ पर्यंत मुलीच्या संमतीचे वय अवघे १३ होते. त्या वर्षी ते १६ झाले. हिंदुस्थानातील छावण्यांतून गोऱ्या सैनिकांसाठी स्त्रिया राखून ठेवल्या जात आणि कायद्याच्या नावाखाली त्यांचीच सक्तीने तपासणी होई. रोग लावणारा सैनिक मात्र मोकळा. या अन्यायाविरुद्ध जोसेफिन बटलर या ख्रिस्ती बाईने इंग्लंडात वर्षानुवर्षे लढा दिला, आणि १८९१-९२ साली डॉ. कॅथरिन बुशनेल व एलिझाबेथ अँड्र्यू या दोघींनी येथील छावण्यांत हिंडून त्या स्त्रियांच्या तोंडून हकीकती गोळा केल्या. अन्याय करणारे आणि त्याविरुद्ध उठणारे एकाच देवळात प्रार्थना करीत होते. तेव्हा या विषयावर बोलताना दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखविण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला नाही, हे मी आरंभीच मान्य करतो.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास आणि मग केडगावी गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने व्याकूळ झालेल्या मुलींभोवती त्यांना विकत घेणारे दलाल घिरट्या घालीत होते. मदतीच्या छावण्यांतही त्या सुरक्षित नव्हत्या. हातात शिधा असलेला मुकादम हाच कित्येकदा भक्षक होता. रमाबाईंनी हे उघडपणे लिहिले. १८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांविषयीही त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला. केडगावच्या मुक्ती मिशनात पुढे अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र घर झाले, त्याचे नाव 'कृपासदन'. फुलहॅमला ज्यांना 'पतित' म्हणत, त्यांच्या घराला केडगावात 'कृपा' हे नाव मिळाले. शब्दातील हा बदल मला कोणत्याही प्रवचनाहून अधिक सांगून जातो. आणि तेथे केवळ प्रार्थना होत नव्हती. विणकाम, शेती, छापखाना, शिक्षण यांतून बायकांना स्वतःच्या कमाईची भाकरी मिळत होती. ज्या सत्तेने त्यांना लुबाडले ती बहुधा भाकरीची सत्ता होती, हे रमाबाईंनी दुष्काळात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आडुतुरैच्या परिसरातही असे काम झाले, आणि ते ख्रिस्ती लोकांनीच केले असे नाही. मयिलाडुतुरैजवळचे मूवलूर हे गाव ज्यांच्या नावाला चिकटले आहे, त्या रामामृतम अम्मैयार (१८८३–१९६२) देवदासींच्या घरात वाढल्या. त्या प्रथेतील फसवणूक त्यांनी आतून पाहिली होती. स्वतः त्यातून बाहेर पडून त्यांनी गावोगाव प्रचार केला आणि १९३६ साली त्या अनुभवावर तमिळ कादंबरी लिहिली. मद्रासच्या विधिमंडळात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी हाच प्रश्न लावून धरला, आणि १९४७ साली मुली देवाला वाहण्यास मद्रास इलाख्यात कायद्याने बंदी झाली. मुंबई इलाख्याचा तसा कायदा १९३४ चा. तथापि सौंदत्तीच्या वाटेवर मुली सोडल्या जाणे त्याने थांबले नाही, म्हणून कर्नाटकाला १९८२ साली नवा कायदा करावा लागला. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीकडे दोहनावूर येथे, एमी कारमायकेल या आयरिश बाईने १९०१ पासून अशा मुलींना घर दिले. १९५१ साली ती वारली. तिच्या इच्छेनुसार तिच्या थडग्यावर दगड नाही, पाखरांना पाणी पिण्याचे एक पात्र आहे आणि त्यावर 'अम्मा' एवढाच शब्द आहे. तिच्या लिखाणातील हिंदू समाजाचे चित्र मला एकांगी वाटते; पण पळून आलेल्या मुलीसाठी तिने दार उघडले, हे खरेच आहे. रामामृतम अम्मैयार आणि एमी कारमायकेल यांची श्रद्धा एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांची होती. मुलीचे बोलणे खरे मानावयाचे, एवढ्या एका बाबतीत त्या दोघी एकत्र होत्या.

खरे मानणे! आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी येतो. त्या दिवशी काय म्हणावयास हवे होते?

'तू ओरडली का नाहीस?' हा आपला पहिला प्रश्न असतो. मोशेच्या नियमशास्त्रातही, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नगरात असून जी ओरडली नाही तिच्यावर संशय घेतलेला आहे. आणि रानात गाठली गेलेली मात्र ओरडली असेलच, तिला वाचविणारे कोणी नव्हते, असे मानून तिला निर्दोष ठरविले आहे. शेजाऱ्यावर उठून त्याचा प्राण घ्यावा तसेच हे कृत्य, असेही तेथे म्हटले आहे. तो नियम त्याच्या काळाचा. पण ओरडण्याचा निकष कसा फसतो, ते आपण आपल्याच राज्यात पाहिले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा एकंदर रोख होता. ठाण्यात पोलिसांपुढे एक गरीब मुलगी कोणाला हाक मारणार होती? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर क्षोभ उसळला, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा प्रकरणात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर ती नव्हतीच असे गृहीत धरावयाचे, आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा मानावयाचा, या गोष्टी तेव्हा आल्या.

आजचे मानसशास्त्र सांगते की, पराकोटीच्या भयात शरीर लढतही नाही, पळतही नाही, ते गोठते. घशातून आवाज निघत नाही, हातपाय उचलत नाहीत. पुढे आठवणीही तुकड्यातुकड्यांनी येतात: भिंतीचा रंग आठवतो, वार आठवत नाही. सांगण्यात विसंगती दिसली म्हणून बोलणे खोटे ठरत नाही. मूल तर वर्षानुवर्षे गप्प राहते, आणि सांगते तेव्हा अर्धेच सांगते, ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासाठी. आडुतुरैच्या त्या मुलीने पाठ फिरवून सांगितले, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काय दिसेल याची तिला भीती होती.

लूकाच्या शुभवर्तमानातील चांगल्या शमरोन्याची कथा आपण परोपकाराची म्हणून वाचतो. ती मी अलीकडे निराळ्या नजरेने वाचतो. वाटेत लुटलेल्या माणसाला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तू या वाटेने एकटा का निघालास, अशी चौकशी नाही. जखमा बांधल्या, तेलद्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर शुश्रूषा केली, दोन नाणी दिली, आणि अधिक लागेल ते परत येताना देईन, असे सांगितले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मदत म्हणजे एक संध्याकाळ नव्हे.

म्हणून बाई, पहिले वाक्य असे म्हणता आले असते: "तू सांगितलंस ते बरं केलंस. मला ते खरं वाटतं. यात तुझी काही चूक नाही." एवढेच. खोदून विचारावयाचे नाही, तपशील काढावयाचे नाहीत. ते काम शिकलेल्या माणसाचे. 'मी कुणाला सांगणार नाही' असे वचनही द्यावयाचे नाही, कारण ते पाळता येत नाही. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षण कायद्याने, ज्याला सर्वजण 'पोक्सो' म्हणतात, अठरा वर्षांखालील मुलावरील अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येक माणसाला ती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. दडविणे हा गुन्हा आहे; सद्भावनेने कळविणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे, स्त्रियांसाठी १८१. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि विश्वासाच्या माणसासमोर घ्यावयाचा असतो. रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते. कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. खाजगी रुग्णालयालादेखील पीडितेवर विनामूल्य व तात्काळ उपचार करावेच लागतात. येथे वेळेचे फार महत्त्व आहे. एड्सच्या विषाणूपासून बचाव करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्याची गोळीही लवकरात लवकर घ्यावी लागते. 'दोन बोटांची' ती अपमानास्पद तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अयोग्य ठरविली आणि २०२२ साली पुन्हा कडक शब्दांत निषिद्ध केली. ती कोणी करू लागला तर नकार द्यावा. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तक्रार करावयाची की नाही, हा निर्णय तिचाच राहतो. जिच्या इच्छेविरुद्ध सर्व काही घडले, तिच्या मदतीतही तिची इच्छा डावलली जाऊ नये.

आता आमच्या मंडळ्यांतील एक अवघड गोष्ट. अशा प्रसंगी पीडितेला क्षमेचा उपदेश पहिल्याच आठवड्यात केला जातो. मी स्वतः तो ऐकला आहे, आणि एका प्रसंगी, लाज वाटते सांगावयास, त्या बैठकीत मान डोलावून बसलो आहे. क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा प्राण आहे, यात वाद नाही. परंतु क्षमा करण्याचा अधिकार जिला दुखापत झाली तिचा. पाळकाचा नाही, बापाचा नाही, पंचांचा तर मुळीच नाही. येशूने अपराध्याला आधी दटावावयास सांगितले आणि पश्चात्तापाची अट घातली. जक्कय पश्चात्ताप करतो तेव्हा चौपट परत देण्याचे कबूल करतो. लूकातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाते, आणि येशू तिच्या चिकाटीची वाखाणणी करतो; 'घरातच मिटव' असे तो तिला सांगत नाही. विश्वासणाऱ्यांनी आपसातील तंटे न्यायालयात नेऊ नयेत, हे करिंथकरांस लिहिलेले पौलाचे वचन येथे नेहमी पुढे केले जाते. ते लहानसहान देण्याघेण्याच्या तंट्यांविषयी आहे. त्याच्याच आधीच्या अध्यायात, घरातील लैंगिक पाप खपवून घेतल्याबद्दल पौलाने त्या मंडळीची खरडपट्टी काढली आहे. तो अध्याय कोणी वाचून दाखवीत नाही.

जगभरातील चर्चसंस्थांनी धर्मगुरूंचे अपराध झाकण्यात दशके घालविली, हे आता लपून राहिलेले नाही. एका ठिकाणी तक्रार आली की त्या गुरूला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवावयाचे, आणि तेथे त्याला नवी मुले मिळावयाची. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये धर्मगुरू व धर्मभगिनी यांना अशी माहिती वरिष्ठांस कळविण्याचे बंधन घातले आणि २०२३ मध्ये तो नियम कायम केला. उशिरा का होईना, हे झाले. लहानांस अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात लोटावे ते बरे, असे ज्या गुरूने म्हटले, त्याच्या शिष्यांना यासाठी नियम करावा लागला, याची खंत वाटते. आपल्या गावच्या मंडळीत, शाळेत, वसतिगृहात मुलांशी एकांतात कोण असतो आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे भिंतीवर लिहिलेले आहे काय, एवढे श्रोत्यांनी येत्या रविवारी पाहावे.

आडुतुरैच्या बाईंना मी यांतील बरेचसे नंतर पत्राने कळविले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांचा तिसरा प्रश्न तयार होता. ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली असेल; तिला शोधून काढून तिची माफी मागावी काय? मी म्हटले, तिच्या सासरी काय ठाऊक आहे, तिने स्वतः ती गोष्ट कोठे ठेवली आहे, ते आपणांस माहीत नाही. आपल्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून तिच्या दारात उभे राहणे, म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काही मागणे होईल. ती कधी आपण होऊन आली, तर मात्र तेव्हा जे म्हणावयाचे राहिले ते म्हणावे. बाईंना हे उत्तर पटले नाही, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. मलाही ते पुरते पटलेले आहे, असे नाही.

त्या उठून कॉफी करावयास गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी मघाचा तो चार आकडी क्रमांक मला पुन्हा सांगावयास लावला, आणि तिसरीत शिकणाऱ्या नातीच्या वहीच्या मागल्या पानावर तो लिहून ठेवला.